होडीवर केबिन आली तेव्हा

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला ‘आय.टी. क्षेत्रातली माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. माझी वाटचाल पुण्यातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून सातव्या मजल्यापर्यंत झाली आहे, आणि तीही लिफ्टनं. त्यावर कुणी चार पानं वाचावीत असं मला वाटत नाही. म्हणून मंडळाची परवानगी गृहीत धरून मी वेगळाच विषय घेते आहे.

१९९५ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा शाळेखालच्या पुळणीवर मिस्त्रीकाकांच्या मांडवात एक होडी उभी राहायला लागली होती. आपण दहावीत होतो. खिडकीकडच्या बाकांवर बसणाऱ्यांना ती दिसायची, भिंतीकडच्यांना नुसती ऐकू यायची. वाकस लाकडावर पडल्याचा ठक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठक्. भूमितीच्या सरांनी एकदा प्रमेय अर्ध्यावर थांबवून “त्यांचं होऊ द्या, मग आपलं करू,” असं म्हणत खडू खाली ठेवला होता. ती होडी म्हणजे सव्वीस फुटी, डिझेल इंजिनाची, मागच्या बाजूला केबिन असलेली लहानशी लाँच. आपल्या बंदरात पुरती लाकडात बांधलेली ती शेवटची लाँच ठरली. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणी नीट पाहिलंही नाही.

मी थोडी पाहिली, कारण काकांचा मुलगा आपल्याच तुकडीत होता आणि माझी विज्ञानाची वही कायम त्याच्याकडे असायची. ती परत आणायला मांडवात जावं लागे. त्याचं नाव इथे लिहायचं नाही असं त्यानं फोनवर मला तीनदा बजावलं आहे. “सरांना वाटेल, हा अजून शाळा बुडवून तिथेच बसलाय,” म्हणाला. तर नाव लिहीत नाही. तुम्हा सगळ्यांना कळलंच आहे.

इतिहास लिहायचा तर शब्दांपासून सुरुवात करू. शब्दांना कागदपत्रं लागत नाहीत. होडीचा मालक तो नाखवा. हा शब्द फारसी, मुळात नावेचा धनी या अर्थाचा. सुकाणू आणि खलाशी अरबीतून आले. पाणी उपसणारा बंब पोर्तुगीज, आणि ज्याच्या मांडवात आपण बसतो तो मिस्त्रीही मूळचा पोर्तुगीजच. इंजिन आणि केबिन इंग्रज. एवढ्याशा सव्वीस फुटांत किनाऱ्याला लागून गेलेली सगळी माणसं राहतात! पठाण आणि नाळ मात्र काकांच्या तोंडात घरच्यासारखे असत. पठाण म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा, आणि नाळ म्हणजे पुढे पाणी कापत जाणारं तिचं टोक.

शब्दांबरोबर माणसंही आली होती. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूला गलबतं बांधायला घेतली, तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. आपली आठवीची सहल विजयदुर्गला गेली होती. तिथून जवळच गिर्ये गावच्या बाजूला खडकात खोदलेली मराठ्यांची जुनी गोदी आहे, तीही आपल्याला दाखवली होती. मला त्या सहलीतलं इतकंच आठवतं की डबे तिथे उघडले आणि बाई ओरडल्या. पण ती गोदी ज्या कामासाठी होती, तेच काम आपल्या शाळेखाली चालू होतं.

मुंबईची गोष्ट अधिक नोंदलेली आहे. सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं त्यांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून पाठवले होते. १८१२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी ‘जावा’ हरवली आणि जाळून टाकली. नकाशे गेले. मग पुन्हा दुसरी प्रत काढून पाठवावी लागली आणि तोवर काम अडलं. पुढे इंजिनियरिंगला असताना मी हा किस्सा काकांना सांगितला. ते हातातली विडी न विझवता म्हणाले, “मग? कागदावर होडी तरंगते काय गो?”

त्याच वाडिया घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींनी १८३०च्या दशकात ‘इंडस’ नावाच्या लहानशा जहाजात वाफेचं इंजिन बसवलं. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. म्हणजे लाकडी जहाजात इंजिन बसवण्याची विद्या मुंबईत फार लवकर पोचली होती. तरी आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ शिडावर आणि वल्ह्यांवरच गेले. वाफेच्या इंजिनाला बॉयलर, कोळसा आणि पाणी लागतं. एवढं सगळं भरल्यावर पंचवीस फुटी होडीत माशाला जागा उरत नाही.

लहान होडीला परवडणारं इंजिन युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलं. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनच्या मच्छीमारांनी तापलेल्या गोळ्यावर तेल पेटवणारं, एकाच सिलिंडरचं, टुक-टुक करत चालणारं इंजिन आपल्या लाकडी होड्यांत बसवलं. ते जड होतं, पण त्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतं. ते होडीच्या मागच्या भागात बसे, आणि त्याच्यावर पाणी पडू नये म्हणून वर खोका बांधत. इंजिनाच्या डोक्यावरचं छप्पर, ही केबिनची मूळ कहाणी. तांडेल तिच्यात नंतर शिरला. उत्तरेकडच्या थंडीत त्याला ते छप्पर सोडवेना. मग उघड्यावर उभं राहून सुकाणूचा दांडा धरण्याऐवजी त्यानं खोक्यातच एक चाक बसवून घेतलं आणि दोऱ्यांनी ते सुकाणूला जोडलं. पुढे बघायला काचा आल्या. होकायंत्र कोरडं राहायला लागलं.

हे सगळं आपल्याकडे यायला १९५० उजाडावं लागलं. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींडकरा, शक्तिकुलंगरा, पुतनतुरा या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. आधी तिथल्याच होड्यांना इंजिनं लावून पाहिली. ते जमलं नाही. मग नव्यानं आखलेल्या लाकडी होड्या बांधल्या: बावीस फुटी, नंतर पंचवीस, नंतर बत्तीस. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं मासेमारी होड्या बांधणाऱ्या जगभरच्या लोकांची पहिली परिषद पॅरिस आणि मायामीत भरवली. तिचा जाड ग्रंथ १९५५ साली निघाला. आजी-आजोबांकडून चालत आलेली होडी अशी कागदावर, आकड्यांसकट मांडली गेली. १९६३ साली नींडकऱ्याचं केंद्र केरळ सरकारकडे गेलं आणि प्रकल्पाची कामं इतरत्र पसरली. त्यातलं एक ठिकाण कारवार.

कारवारपाशी ही गोष्ट आपल्या शाळेला येऊन भिडते. मिस्त्रीकाकांचे वडील साठच्या दशकाच्या शेवटी कारवारला जाऊन इंजिनाची होडी पाहून आले होते. काका तेव्हा चौदा वर्षांचे, बरोबर होते. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि होडीचं माप कुणी घेऊ दिलं असतं की नाही, याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी पोराला होडीवर खेळायला सोडलं आणि त्याच्या हातात सुतळी दिली. पोरानं इथून तिथे धावायचं, सुतळी धरायची, आणि बापानं खुणावलं की गाठ मारायची. पठाणाची लांबी, मधली रुंदी, मागच्या बाजूची रुंदी, पंख्यासाठी सोडलेली जागा, केबिनची उंची. आपल्या बंदरातल्या इंजिनाच्या होड्यांचा नकाशा म्हणजे ती सुतळी. ती मांडवाच्या आडव्या वाशाला टांगलेली असे. मला ती कायम कपडे वाळत घालायची दोरी वाटायची.

वडिलांनी कारवारची होडी जशीच्या तशी उचलली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढची बाजू त्यांनी आपल्या मचव्याचीच ठेवली, कारण आपल्या खाडीच्या तोंडावर लाट कशी उभी राहते ते त्यांना माहीत होतं. मागची बाजू बदलली. शिडाची होडी मागे निमुळती चालते. इंजिन मागे बसवलं की ते वजन पेलायला तिथे भराव लागतो, नाहीतर होडी बूड टेकून चालते. पण फार भरीव केली तर पंख्याला पाणीच नीट मिळत नाही. या दोन गोष्टींची मधली वाट काढण्यात त्यांच्या तीन होड्या गेल्या, असं काका सांगत. पहिलीचं नाव घरात कुणी काढत नसे.

आता आपली होडी. तिचे फळे सागाचे होते. आतल्या फासळ्यांसाठी काका गावोगाव वाकडी झाडं हुडकत फिरायचे. घराला सरळ लाकूड लागतं, होडीला मुळातच वाकलेलं, कारण कापून वाकडं केलेलं लाकूड रेषेवर फुटतं. एका बाभळीच्या फांदीसाठी ते दोन वर्षं त्या बागायतदाराच्या घरी नेमानं चहाला जात होते. फळ्यांच्या फटींत राळ आणि तेलात भिजवलेली कापसाची दोरी ठोकून बसवायची. शिडाच्या होडीत ती वर्षभर टिके. इंजिनाच्या थरथरीनं ती सैल होते. म्हणून इंजिनाखाली दोन लांबलचक जाड लाकडं पठाणाला समांतर टाकतात, होडीच्या जवळजवळ अर्ध्या लांबीची. थरथर एका जागी न साठता सगळ्या अंगभर पसरते. इंजिन बसवण्यापेक्षा ही दोन लाकडं बसवायलाच जास्त दिवस लागले.

सगळ्यात अवघड काम होतं ते शाफ्टच्या भोकाचं. इंजिनातून निघालेला दांडा होडीच्या मागच्या भरीव लाकडातून बाहेर जाऊन पंख्याला मिळतो. ते भोक केसभर तिरकं गेलं तर शाफ्ट घासतो, तापतो आणि एक दिवस भर समुद्रात अडकतो. काकांनी इंजिनाच्या जागेपासून पंख्याच्या जागेपर्यंत सूत ताणलं, तीन ठिकाणी पाट्या ठोकून त्यांना बारीक भोकं पाडली, आणि तिन्हींमधून मागचा दिवा दिसेपर्यंत पाट्या हलवत राहिले. ही संध्याकाळ मला स्वच्छ आठवते, कारण त्या दिवशी भूमितीचे सर खाली आले होते. आवाजाची तक्रार करायला आले असावेत. पण ते तासभर तिथेच उकिडवे बसले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ‘दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते’ हे शिकवलं आणि खिडकीतून खाली बोट दाखवून म्हणाले, “तिसरा बिंदू कशाला लागतो ते त्या माणसाला विचारा.” सर, तुम्हाला आठवत असेल तर मेळाव्यात सांगा. आमच्यापैकी निम्म्या मुलांना त्या दिवशी ते कळलं नव्हतं.

आणि मग केबिनचा वाद.

नाखवा उंचापुरा, सहा फुटी माणूस. त्याला केबिनमध्ये ताठ उभं राहायचं होतं. छप्पर जाड सागवानी फळ्यांचं हवं होतं, आणि त्यावर पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप. पैसे त्याचे होते. काका दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा गप्प बसले आणि त्याच्या मापाची केबिन बांधून दिली. १९९६च्या माघी पौर्णिमेच्या उधाणाला होडी पाण्यात ढकलली. आपली पूर्वपरीक्षा तोंडावर होती, तरी अर्धा वर्ग तिथे होता. नारळ फुटला, पेढे वाटले, इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. सगळे खूश होते. काकांनी मात्र इंजिन बंद करायला लावलं. होडीत चार माणसं एका बाजूला उभी केली, त्यांना तालात झोके द्यायला लावले, मग “बस” म्हणून थांबवलं आणि स्वतः मोठ्यानं मोजायला लागले: एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ. होडी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला किती नारळ लागतात, ते मोजत होते. चारपर्यंत गेले. पुन्हा केलं, पुन्हा चार.

“आळशी झाली,” म्हणाले. “केबिन कापायची.”

नाखवा चिडला. सव्वीस फुटी होडी शांतपणे, डौलात डुलत होती. त्याला तर ते चांगलंच लक्षण वाटत होतं. “मिस्त्री, माझ्याच होडीत मी वाकून जाऊ?” काकांनी त्याला ‘रामदास’ बोटीची आठवण दिली. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, रेवसच्या वाटेवर ती बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्या आजीच्या पिढीत ते नाव घेतलं की बोलणं थांबायचं. काका म्हणाले, “पाण्यावर वाकलेला बरा. ताठ उभा ऱ्हायचं तर घरात ऱ्हा.” मग स्वतःच्या खर्चानं त्यांनी केबिन वीतभर खाली घेतली, सागवानी छप्पर काढून पातळ प्लायवूड टाकलं, आणि पिंप खाली इंजिनाच्या पुढे नेऊन बसवलं. पुन्हा झोके दिले. तीन नारळांच्या थोडं पुढे. तेव्हा कुठे त्यांनी पेढा खाल्ला.

मी तेव्हा हे सगळं मंत्रतंत्रात जमा केलं होतं. चारेक वर्षांनी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीत एक पत्र्याची चिमुकली नाव आमच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावरचं वजन वर-खाली सरकवायचं आणि ती किती स्थिर राहते ते मोजायचं. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं: वजन वर गेलं की स्थिरता कमी होते, आणि स्थिरता कमी झाली की डुलण्याचा वेळ वाढतो. जी नाव सावकाश, डौलात डुलते तिच्यापासून जपावं. जी झटक्यानं सरळ होते ती त्रास देते, पण परत आणते. मी तिथे उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागले. शेजारच्या मुलीनं विचारलं, “नारळ काय म्हणतेस?”

पुढे एकदा मी ते गणित बसून केलं. होडी पाच टनांची धरली, रुंदी साडेआठ फूट. दोनशे किलोचं पिंप सहा-सात फूट खाली आणलं की गुरुत्वमध्य जवळपास आठ सेंटिमीटर खाली येतो. लहान होडीला हे पुष्कळ झालं. केबिन वीतभर कापण्यानं मात्र फारसा फरक पडत नाही, जेमतेम एखादा सेंटिमीटर. मी ते मोठ्या ऐटीत काकांना सांगितलं: पिंप खाली घेतलं असतंत तरी भागलं असतं, केबिन उगाच कापलीत, आणि नाखव्याशी उगाच भांडलात. ते हसले. “पिंप खाली घेतलं असतं आणि केबिन उंच ठेवली असती तर त्या छपरावर त्यानं दुसरं काय चढवलं असतं? जाळी चढवली असती. नारळीपुनवेला दहा पोरं बसवली असती.” उंच छपरावरची दहा पोरं माझ्या गणितात नव्हती. मी आज सॉफ्टवेअरमध्ये ज्याला वापरणाऱ्याची चूक म्हणते, ती ते आधीच लाकडात कापून ठेवत होते.

त्याच नाखव्यानं पाच-सहा वर्षांनी जुनं वीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन काढून दुपटीहून मोठं बसवलं. वेग जेमतेम वाढला, डिझेल मात्र दुप्पट जायला लागलं, आणि होडी मागे बसून चालायला लागली. यालाही कारण आहे. विल्यम फ्राऊड नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८७२ साली टॉर्की इथे पाण्याचा लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. अशी जड, पाण्यात रुतून चालणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यात तिची लांबी चोवीस फूट असेल तर ताशी साडेसहा सागरी मैलांच्या पुढे ती लाट ओलांडायला इंजिनाला अफाट ताकद लागते. मोठं इंजिन घेऊन नाखवा रोज स्वतःच्याच लाटेचा डोंगर चढत होता. पण सगळेच मोठं इंजिन घेत होते, मासे लांब गेले होते, आणि कर्ज मिळत होतं. केरळातही असंच घडलं. प्रकल्प सुरू झाला तो गरीब मच्छीमाराच्या ताटात मासा वाढावा म्हणून. साठच्या दशकात कोळंबीला परदेशी भाव आला, इंजिनाच्या होड्यांचे ट्रॉलर झाले, आणि पुढे लहान होडीवाले आणि ट्रॉलरवाले एकमेकांशी झगडले. १९८८ साली केरळ सरकारला पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करावं लागलं. आपल्याकडेही १९८१ सालापासून सागरी मासेमारीचा कायदा आहे. तो असूनही काय चालतं, ते बंदरावर राहणाऱ्या मित्रांनी लिहावं. मी पुण्यात बसून त्यावर मत देणं बरं नव्हे.

त्या होडीनंतर काकांकडे लाकडी लाँचचं काम आलं नाही. साग परवडेना आणि फायबरच्या होड्या आल्या. या ठिकाणी माझ्याकडून चार हळवी वाक्यं अपेक्षित असतील, पण मला तसं वाटत नाही. फायबरला किडा लागत नाही, दरवर्षी फटी भराव्या लागत नाहीत, वजन कमी म्हणून डिझेल कमी. मी नाखवा असते तर तीच घेतली असती. काकाही म्हणायचे, “लाकडाचं प्रेम तुम्हाला. आम्हाला पोट.” त्यांचा मुलगा आज फायबरच्याच होड्या दुरुस्त करतो. बारीक धूळ अंगावर बसून रात्रभर खाज येते, एवढी एकच त्याची तक्रार आहे.

मला वाईट वाटतं ते सुतळीचं. काका २०१४ साली गेले. मांडव उतरवला तेव्हा मुलानं सुतळी गुंडाळून ठेवली, आणि गेल्या दिवाळीत मी तिची मापं घेतली. सतरा गाठी आहेत. त्यातल्या अकरा त्याला ओळखता आल्या: ही पठाणाची, ही मधल्या रुंदीची, ही पंख्याची. उरलेल्या सहा कशाच्या, ते त्यालाही माहीत नाही. एक गाठ इतर सगळ्यांहून वेगळी, दुहेरी आहे. ती केबिनच्या उंचीची असावी असं मला वाटतं, कारण नाखव्याची केबिन कापल्यावर जेवढी उरली, तेवढंच माप तिथे येतं. म्हणजे कारवारच्या होडीवर चौदा वर्षांच्या पोरानं बापाच्या खुणेवर जी गाठ मारली, ती त्यानं पुढे तीस वर्षं मोडली नाही. पण हा माझा अंदाज. विचारायला गेले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्या काळात मी दर मे महिन्यात गावी येत होते.

म्हणून एक मागणं आहे. आपल्यापैकी कुणाकडे त्या दिवसाचा, म्हणजे माघी पौर्णिमेचा एखादा फोटो असेल तर मला द्या. कुणाच्या तरी मुंबईच्या मामानं कॅमेरा आणला होता, हे मला पक्कं आठवतं. होडी बाजूनं दिसत असेल तर अजून दोन-तीन गाठींचा पत्ता लागेल. बाकीच्या गाठींसाठी खाडीपलीकडच्या वाडीतले एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर तरीवर साडेसात वाजता या.

होडी २००९ साली मोडीत काढली. इंजिन कुणीतरी नेलं, सागाच्या फळ्यांची दारं झाली. केबिन मात्र कुणाला नको होती, कारण तिच्यात उभं राहता येत नाही. ती शेवटी एस.टी. स्टँडसमोर ठेवली गेली. आता तिच्यात वडापावची टपरी चालते. काचेच्या जागी जाळी आहे, चाकाच्या जागी कढई. मागच्या मेळाव्याला तुम्ही सगळ्यांनी तिथेच वडे खाल्ले. आत डोकावून चटणी मागताना तुमच्यातल्या निम्म्या जणांनी कपाळ आपटून घेतलं आणि टपरी बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली.